हाताचं आणि आपसूक

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम ज्वारी असायची. मूठभर, जास्त नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चिमण्यांना टाकत असतील बिचारे. लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले होते आणि मराठी शिकवायला रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. स्टाफरूममध्ये मी एकटीच डबा खात होते. सर आले, खिशातली ज्वारी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खडूनं शहाबादी फरशीवर एक रेघ मारली.

"मॅडम, मी तिकडं तोंड करून बसतो. रेघंच्या एका बाजूला दाणे वरून फेका, कसेबी पडू द्या. दुसऱ्या बाजूला एकेक दाणा हातानं ठेवा. पन ठेवलेला बी फेकल्यावानी दिसला पाहिजे. मग मी वळकतो, कुठलं कुठलं हाय."

नवीन जागी वेड्याला नाही म्हणू नये, एवढं मला आईनं शिकवलं होतं. डबा बाजूला ठेवून मी फरशीवर उकिडवी बसले. फेकायचं काम सोपं होतं. ठेवायच्या कामाला मात्र मी जीव लावला. एक दाणा इथं, एक तिथं, ओळ होऊ द्यायची नाही, नक्षी होऊ द्यायची नाही. मराठीची बाई मी, पसारा कसा दिसतो हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. सर वळले, नीट बघितलंही नाही आणि बोट दाखवलं.

"हे हाताचं."

"कशावरून?"

"तुमचे दाणे एकमेकाला लाजून राहिले की. बघा, कुणी कुणाच्या अंगाला लागंना. आन हिकडं बघा. ही सगळी जणं गळ्यात गळे घालून बसलीत, आन हितली आख्खी फरशी मोकळी. आपसूक पडलेलं असं असतं. त्याला लाज नसती."

पुढं कळलं की कॉलेजातला प्रत्येक जण या परीक्षेला बसून नापास झालेला होता.

दिसायला सर अगदी चारचौघांसारखे. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला सकाळी ओढलेली विभूती दुपारपर्यंत पुसट झालेली, कॉलरमधून डोकावणारा गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा. लातूरजवळच्या मुरुडला भावाचं भुसार मालाचं दुकान होतं, ज्वारी तिथूनच यायची. जगातल्या यच्चयावत गोष्टींचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, हाताचं आणि आपसूक. बागेत इकडंतिकडं पडल्यासारखे वाटावेत म्हणून ठेवलेले दगड पाहिले, "हाताचं." फिजिक्सच्या पोरांनी प्रयोग न करताच वहीत भरलेली रीडिंगं पाहिली, "हाताचं." फिजिक्सवाले सर भयंकर चिडायचे, कारण ते दरवेळी खरं निघायचं.

"कसं ओळखता हो तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"शेवटचा आकडा बघायचा. मनानं लिवायचं म्हणलं की मानूस शून्य लिवीत न्हाई, त्याला ते खोटं वाटतं. पाच लिवीत न्हाई. सात लिवतो, तीन लिवतो. सात लई आवडतो मानसाला. आन एकदा लिवला की लगेच दुसऱ्यांदा लिवीत न्हाई. भितो."

कॉलेजसमोरच्या हॉटेलात काय खायचं हेही ते स्वतः ठरवत नसत. शर्टाच्या खिशातून फासा काढून टेबलावर टाकायचा. एक पडला तर चुरमुऱ्यांचा सुशीला, दोन पडला तर पोहे, अशी त्यांची वाटणी होती. एकदा जवळजवळ आठवडाभर फाशानं त्यांना भजीच खायला लावली. जळजळ होऊन माणूस हैराण, पण खाणं चालूच. मी म्हटलं, "अहो सर, फाशाचं कोण बघतंय? पोहे खा." तर म्हणाले, "मग फासा कशाला टाकायचा? नावडतं पडल्यावर बदलायचं असंल तर सरळ पोह्याचीच ऑर्डर द्यावी की." या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

वर्गात प्रश्न विचारायचे तेही चिठ्ठी काढून. एका वर्षी एका मुलीची चिठ्ठी लागोपाठ निघाली. सोमवारी तीच, मंगळवारी तीच, पुढं बुधवारीही. पोरगी रडकुंडीला आली आणि तिनं घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी अहमदपूरहून तिचे वडील हजर. मोंढ्यातले धान्याचे आडते, आवाज मोठा.

"माझ्या लेकीवर तुमचा काय डोळा हाय का सर? सारखं सारखं तिलाच उठवून राहिलात!"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हजेरीपट पुढं सरकवला. "तुमीच नावं घ्या. मनाला येतील तशी. कसलाबी क्रम न्हाई पाहिजे."

वडिलांनी हजेरीपटावर बोट ठेवत नावं घेतली. वरचं एक, खालचं एक, मधलं एक. बरीच नावं झाल्यावर सर म्हणाले, "थांबा. एक तरी नाव दोनदा घेतलं का?"

"दोनदा कशाला घेईन? एकदा घेतलेलं ध्यानात हाय माझ्या!"

"चिठ्ठीच्या ध्यानात नसतं की हो," सर म्हणाले. वडील सगळ्यांना चहा सांगून गेले. मुलीची चिठ्ठी गुरुवारी निघाली नाही, याचं श्रेय मात्र त्यांनी गावात स्वतःच्या मोठ्या आवाजाला दिलं.

सराव परीक्षेच्या पेपरातही हाच गोंधळ. चार पर्यायांतलं बरोबर उत्तर कुठं ठेवायचं हे ते फाशानं ठरवत, पाच-सहा पडला तर पुन्हा टाकत. मग कधी 'ब, ब, ब, ब' असं सलग यायचं. लातूरची पोरं म्हणजे पर्याय खाऊन मोठी झालेली. एवढे 'ब' एका ओळीत बघून ती बरोबर आलेली उत्तरं खोडून 'क' करून यायची. पालक प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "उत्तरं नीट मिसळत चला." सर म्हणाले, "मिसळलेलीच हायत साहेब. तुमाला वाटून दिलेली पाहिजेत. मिसळलेलं निराळं आन वाटलेलं निराळं." प्राचार्य कपाळाला हात लावून बसले, पण सरांचा इमानदारपणा सगळ्यांना माहीत होता. म्हणूनच पुढं ते नाजूक काम त्यांच्याकडं गेलं.

त्याचं असं झालं. आमच्या संस्थेची एक शाखा देगलूरकडं होती. तिथं कायमचा प्रमुख टिकत नसे, म्हणून दर सत्राला लातूरच्या स्टाफमधला एक जण प्रभारी म्हणून पाठवत. सोमवारी जायचं, खोली करून राहायचं, शनिवारी परत यायचं. कोणाला पाठवायचं ते आधी प्राचार्य ठरवत आणि दरवेळी भांडणं होत. शेवटी त्यांनी हात टेकले आणि सरांना म्हणाले, तुम्हीच काय ते करा.

सरांनी सभेत उभं राहून विचारलं, "पाळी पाहिजे का चिठ्ठी?"

सगळ्यांनी चिठ्ठीला हात वर केले. मीसुद्धा केला. पाळीत आपला नंबर येणार हे पक्कं असतं. चिठ्ठीत निदान आशा तरी असते, की दुसऱ्याचं नाव निघेल. सरांनी पुन्हा बजावलं, "ज्याचं नाव निघालं त्याची चिठ्ठी पुढच्या बारीला बी माठात जाणार. अदलाबदल चालणार न्हाई, न्हाईतर वशिला सुरू व्हतो. कबूल?" कबूल, कबूल, सगळे ओरडले.

सोडतीच्या दिवशी सर घरून कणीक मळून आणायचे. प्रत्येक नावाची चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची, सगळ्या गोळ्या सारख्या वळायच्या आणि कोऱ्या माठात टाकून घुसळायच्या. काढायला कुणी पुढं येईना. आपल्या हातून कुणाचं नाव निघालं तर तो जन्मभर लक्षात ठेवील. म्हणून तेही काम सरांनीच घेतलं, डोळ्याला रुमाल बांधून.

पहिल्या सोडतीत माझं नाव निघालं.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. सासूबाई धडधाकट होत्या, नवरा लातुरातच नोकरीला, तेव्हा रडून चालणार नव्हतं. गेले. दिवाळीनंतर पुन्हा सोडत झाली आणि पुन्हा माझंच नाव निघालं. स्टाफरूममध्ये हसू पिकलं. "मॅडमला देगलूर मानवलंय," कुणी म्हणालं. मीही हसले. पण त्या सत्रातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तर मुलगी सासूबाईंच्या पदराआडून बघत होती. मी हात पुढं केले. ती आली नाही. आत वळून म्हणाली, "आजी, मम्मी आल्यात. पाणी दे त्यांना."

पाहुण्यांना देतात तसं ते पाणी. मी घटाघटा प्यायले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "लेकरू हाय. जूनपासून घरीच हायस की आता." मी दिवस ढकलले ते त्या एका वाक्यावर.

आणि जूनच्या सोडतीत सरांनी रुमाल सोडला, गोळी फोडली, चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा मीच.

या वेळी कुणी हसलं नाही. कुजबुज सुरू झाली. "तिसऱ्यांदा? असं असतंय व्हय कधी?" फिजिक्सवाले सर तर उघड म्हणाले, "मॅडम, खुन्नस आहे ही. तुम्ही त्यांचे सकाळचे तास घेतले ना टाइमटेबलात." खरं सांगायचं तर मला ते पटलं. एवढ्या लोकांमधून तीनदा एकच नाव आपोआप निघतं, हे कोणत्या शहाण्या माणसाला पटेल? त्याच संध्याकाळी मी तणतणत सरांच्या घरी गेले.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. "या मॅडम. आल्यापासून गप बसलेत. जेवले बी न्हाईत."

मी बसलेसुद्धा नाही. "सर, गळ्यातल्या लिंगाची आण घालून सांगा. गोळीत काही केलंत का?"

त्यांना राग आला नाही. उलट प्रश्न आवडल्यासारखं त्यांनी डोकं हलवलं. "मॅडम, मी लबाडी केली असती तर तिसऱ्यांदा तुमचं नाव निघालं असतं का? लबाडी करणारा पयलं काय बघतो? लोकाला काय खरं वाटंल ते बघतो. एकदा तुमचं काढलं असतं, मग फिजिक्सवाल्याचं, मग हिंदीच्या बाईचं. वाटून, झ्याकपैकी. कुणी ब्र काढला नसता. तिसऱ्यांदा तेच नाव काढायची छाती लबाडाला व्हत न्हाई. ही हिंमत फकस्त आपसूक गोष्टीची."

मी उभ्या उभ्याच विचार केला आणि मला कळलं की हा माणूस खरं बोलतोय. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लबाडी असती तर भांडायला समोर माणूस तरी होता. आता कुणाशी भांडू? मी तिथंच खाली बसले आणि मुलीचं सगळं सांगून टाकलं. पदराआडून बघणं, ते पाणी, "मम्मी आल्यात" म्हणणं. त्यांची बायको चहा ओतायची थांबली. सर जमिनीकडं बघत होते.

"अदलाबदल न्हाई हा नियम माझाच हाय," ते म्हणाले. "न्हाईतर मीच गेलो असतो."

"नियम मोडा म्हणायला आले नाही मी. विचारायला आले होते, उत्तर मिळालं." चहा न पिताच मी निघाले. सोमवारची बस धरायची हे मनाशी कबूल करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कुजबुज फार वाढली म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. "सर, लोकांच्या मनात शंका आहे. तुमचं काय म्हणणं?" आता लाजणारे दाणे आणि न लाजणारे दाणे यांवर तासभर व्याख्यान होणार, म्हणून काहींनी खुर्च्यांत अंग सैल सोडलं. सर उठले. खिशात हात घातला, पण ज्वारी काढली नाही.

"मॅडमची गोळी मी थोराड वळली व्हती. हाताला लागत व्हती. तिन्ही बारीला. चूक झाली."

एवढंच बोलले आणि बसले. मी थक्क होऊन त्यांच्याकडं बघत राहिले. खोलीभर एक सुस्कारा फिरला, आणि तो सुटकेचा होता. सगळ्यांच्या मनातला गुंता एका वाक्यात सुटला होता. "मी म्हणलं नव्हतं?" फिजिक्सवाले म्हणाले. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी कणीक मागवून बघितली नाही. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याचं हाताचं पकडत आला, त्याचं हाताचं एकालाही ओळखता आलं नाही.

सोडत रद्द झाली. पुढं नावाच्या क्रमानं पाळी लावायचं ठरलं. आणि ज्यानं घोळ केला त्यानंच या सत्राला देगलूरला जावं, असा संस्थेचा निरोप आला.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सर खोटं बोललेत, सोडत स्वच्छ होती, लबाड माणूस तिसऱ्यांदा तेच नाव काढत नाही, सगळं समजावून सांगितलं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही फार भोळ्या आहात," ते म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. आणि तीनदा एकच नाव आपोआप? निदान तुम्ही तरी असं म्हणू नका. बरं, तुम्हाला जायचंय का देगलूरला?"

"जायचं नाही. पण सर खोटं बोललेत."

"मग जाऊ नका," ते म्हणाले आणि फोन उचलला.

सोमवारी सकाळी मी मुलीला कडेवर घेऊन बसस्टँडवर गेले. सर उदगीरमार्गे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. हातात बायकोनं दिलेली धपाट्यांची पिशवी. मला बघून त्यांनी सरकून जागा केली.

"का केलंत सर असं?"

"खोटं बोलायला काय लागतं मॅडम? लोकाच्या मनात जे हाय तेच बोलून दाखवायचं. झालं. खरं बोलायचीच लई खटपट असती."

"पण तुमचं नाव गेलं. तुमच्या चिठ्ठीवर आता कोण विश्वास ठेवील?"

"नाव गेलं, हे मातर खरं हाय," ते म्हणाले. त्यांनी मान फिरवून लागलेल्या गाड्यांकडं बघितलं, मग मुलीच्या गालाला बोट लावलं. "पन हिला हे दिवस परत कुठले मिळायचेत?"

मला रडू आवरेना. मुलगी घाबरून माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. गाडी लागली, सर चढले, खिडकीतून हात हलवायचा वगैरे त्यांचा स्वभाव नव्हता. मी घरी आले तेव्हाही मुलीनं गळा सोडलेला नव्हता.

सत्र संपल्यावर ते परत आले, पण कॉलेज त्यांच्यासाठी पहिल्यासारखं राहिलं नाही. सोडत कसलीही असो, गॅदरिंगच्या संघांची असो की परीक्षेच्या बैठकव्यवस्थेची, त्यांना कुणी विचारत नसे. सराव परीक्षेचे पेपर काढायचं कामही त्यांच्याकडून काढून घेतलं. नवीन आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात "ते गोळीवाले" म्हणून त्यांची ओळख करून दिली जाई. सर ऐकून घेत. मी मात्र ऐकून घेतलं नाही. ज्या ज्या वेळी कुणी तो विषय काढला, त्या त्या वेळी मी भांडले. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, सोडा. तुमी जितकं सांगताल तितकं लोकाला वाटतं, बाई मनानं लई चांगली हाय." निवृत्त झाल्यावर ते मुरुडला भावाच्या दुकानात बसायला लागले. अजूनही कधीतरी फोन होतो.

माझी मुलगी आता आठवीत आहे. ती दोन सत्रं तिला अजिबात आठवत नाहीत. मी सांगितलं तर म्हणते, "चल, काहीही. मी तुला पाणी दिलं होतं?" तिला आठवत नाही याचा मला फार आनंद होतो.

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये एक नवीन मॅडम रुजू झाल्या. चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना गोळीवाल्या सरांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सवयीप्रमाणं मी मधे पडले. म्हटलं, खोटं आहे ते, सोडत स्वच्छ होती, तिन्ही वेळा माझं नाव आपसूक निघालं.

"मॅडम, असं होतं का कधी?" त्या नवीन मॅडम हसत म्हणाल्या.

"होतं."

"बरं, होतं. मग त्यांनी कबूल कशासाठी केलं?"

"माझ्या मुलीला तिची आई मिळावी म्हणून," मी म्हणाले. सगळे चहा पिता पिता गालातल्या गालात हसले. तेही कुणाला खरं वाटलं नाही.